जगाच्या इतिहासातला सर्वांत प्रभावी माणूस: माझं मत फ्रिट्झ हाबरला

(एक चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चुनखडी

हा विषय निघाला की बुद्ध, येशू, मुहम्मद पैगंबर, न्यूटन, चंगीझ खान ही नावं येतात. माझं मत एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आहे. फ्रिट्झ हाबर.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. एकोणिसाव्या शतकाअखेर युरोपची शेती चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यावर, म्हणजे नायट्रोजन असलेल्या खनिजावर, अवलंबून होती. सोरा संपला तर गहू कमी पडेल, आणि यातून वाट काढली तर रसायनशास्त्रज्ञच काढतील, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रूक्सने १८९८ साली ब्रिस्टलच्या भाषणात सांगितलं. अकरा वर्षांनी, १९०९ मध्ये, हाबरने कार्ल्सरूहला ती वाट दाखवली. प्रचंड दाब, प्रचंड उष्णता, हवेतला नायट्रोजन, हायड्रोजन, आणि यंत्राच्या टोकाला थेंब थेंब पडणारा अमोनिया. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या मार्गाने मिळालेल्या नायट्रोजनवर पिकतं असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या स्नायूंतला बराचसा नायट्रोजन कधीतरी कारखान्यातून गेलेला आहे. कुठल्या सम्राटाची सत्ता माणसाच्या इतकी आत पोचली?

प्रभावी म्हणजे थोर असं मी म्हणत नाही. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडण्यामागे हाच माणूस होता. त्याची पत्नी क्लारा, स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. तिने त्यानंतर दहा दिवसांत त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला.

पाटपाणी

प्रभाव मान्य, माणूस अर्धाच निवडलात. मी ऊस लावतो. युरिया टाकला की आठवड्यात पानाला काळोखी येते, ती डोळ्यांनी बघतो. पण ती गोणी हाबरच्या थेंबातून आली नाही, ती रसायन अभियंता कार्ल बॉशने आणली. त्या दाबाखाली हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घ्यायचा, पोलाद ठिसूळ व्हायचं आणि नळ्या फुटायच्या. बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं. हाबरचा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, होता ऑस्मियम, जगात फार थोडा मिळणारा धातू. बॉशचा सहकारी अल्विन मिटाशने हजारो चाचण्या करून साध्या लोखंडाचं मिश्रण शोधलं, तेव्हा १९१३ ला जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना उभा राहिला. यांची नावं तुमच्या लेखात एकदाही नाहीत.

आणि ताटाबरोबर मातीचाही हिशेब मांडा. युरियाची सवय लागल्यावर आमच्या भागात शेणखत मागे पडलं, कडधान्याची फेरपालट गेली. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू हेच काम बिनदाबाचं, बिनभट्टीचं करतात.

गोदाकाठ

माझं मत देवीच्या लशीच्या एडवर्ड जेनरला. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिची दोन भावंडं देवीत गेली. माझ्या दंडावर फक्त टोचल्याची खूण आहे, माझ्या मुलांच्या दंडावर तीही नाही. तीन पिढ्यांत एवढा फरक दुसऱ्या कुणी केला ते सांगा. विसाव्या शतकातच देवीने सुमारे ३० कोटी माणसं नेली असा अंदाज आहे, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं. हाबरच्या खतामागोमाग स्फोटकं आली, जेनरच्या लशीमागून काही वाईट आलं नाही.

चुनखडी

पण जेनर पहिला कुठे होता? बेंजामिन जेस्टी नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने १७७४ मध्येच, म्हणजे जेनरच्या २२ वर्षं आधी, गायीच्या देवीची लस बायकोमुलांना टोचली होती. बंगालात टिका देणारे तर त्याच्याही आधीपासून होते.

गोदाकाठ

बंगालातले टिका देणारे माणसाच्या देवीतलीच लस वापरत, त्यात माणूस दगावायचा आणि साथही पसरू शकायची. जेस्टीने घरच्यांना वाचवलं, त्याला नमस्कार. पण त्याची गोष्ट त्याच्या गावापलीकडे कितपत गेली? जेनरने १७९६ मध्ये आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं, पुढे मुद्दाम देवीची लागण देऊन पाहिली, आणखी रुग्ण जमवले, १७९८ ला छापून जगापुढे ठेवलं. चारच वर्षांत, १४ जून १८०२ ला, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. बगदाद, बसरा करत एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी ती लस आली होती. एकाला जमलेलं हजारांना करता यावं, यालाच मी प्रभाव म्हणते.

वाघूर

तुम्हा दोघांच्याही शास्त्रज्ञांबद्दल एकच प्रश्न. तो नसता तर? हाबरच्याच वेळी वाल्टर नेर्न्स्ट हा दुसरा जर्मन रसायनशास्त्रज्ञ त्याच प्रश्नावर काम करत होता. नॉर्वेत विजेच्या ठिणगीतून हवेतला नायट्रोजन पकडणारे कारखाने चालूही झाले होते. लशीबद्दल तर जेस्टीचं उदाहरण वरच आलंय. निसर्गाचा नियम जागेवरच असतो, आज ना उद्या कुणाच्या तरी हाती लागतो.

बुद्धाचं तसं नाही. तो नसता तर तीच वाट दुसऱ्या कुणी सांगितली असती, असं छातीठोक कोण म्हणेल? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला माझे आजोबा त्या लाखोंच्या गर्दीत उभे होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शब्दावर त्यांनी आपलं आयुष्य बदललं, आमचंही.

पाटपाणी

वाघूर, आदर ठेवूनच विचारतो. अशोक नसता तर धम्म सिंहलद्वीपाला गेला असता का? आणि याच देशात तो कित्येक शतकं जवळजवळ दिसेनासा झाला होता. मग नागपूरचा प्रभाव बुद्धाचा की बाबासाहेबांचा?

वाघूर

बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर २१ वर्षं गेली. शीख धर्माचा विचार झाला, इतर धर्मांकडूनही निमंत्रणं आली. इतकं वाचलेला, इतकं पारखून घेणारा माणूस सगळं तपासून शेवटी बुद्धापाशी थांबला. मध्ये राजाश्रय नव्हता, संघ उरला नव्हता, उरले होते ते शब्द. हा प्रभाव बुद्धाचाच धरावा लागेल, आणि आमच्या घरात तो बाबासाहेबांमुळे आला.

चुनखडी

येवल्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, त्यावर मला अजून विचार करावा लागेल.

‘कुणीतरी शोधलंच असतं’ हे मात्र मला पुरत नाही. नॉर्वेच्या पद्धतीला इतकी वीज लागायची की धबधब्यांच्या देशाबाहेर ती परवडणं कठीण. आणि प्रश्न केव्हाचाही आहे. १९१४ ला ब्रिटिश नौदलाने जर्मनीचा चिलीचा सोरा तोडला, तेव्हा ओपाऊ सुरू होऊन वर्ष झालं होतं. पुढे त्याच अमोनियातून स्फोटकांसाठी नायट्रिक आम्ल निघालं. हा शोध दहा वर्षं उशिरा लागला असता, तर माझ्या मते जर्मनीला चार वर्षं लढताच आलं नसतं. त्यात किती माणसं जगली असती आणि भाकरीवाचून किती गेली असती, दोन्ही बाजूंनी आकडा मोठाच आहे.

पाटपाणी, तुमचं बरोबर आहे. माझं मत हाबर आणि बॉश या दोघांना.