आमदारांच्या मिळकतीचा हिशेब पाच वर्षांतून एकदाच का?

बांधावरचा
विधानसभेचा अर्ज भरताना नमुना 26 मध्ये स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, उत्पन्नाची साधनं लिहावी लागतात. 2018 पासून सरकारी कंत्राटंही. निवडून आल्यावर मात्र पाच वर्षं सामसूम. खासदाराला निदान शपथेनंतर 90 दिवसांत विवरण द्यावं लागतं, राज्यसभेत तर हितसंबंधांची नोंदवहीच आहे. शेजारी कर्नाटकात 1984 च्या कायद्यानुसार आमदार दरवर्षी 30 जूनपर्यंत लोकायुक्तांना मालमत्ता कळवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात साखर कारखान्याचा चेअरमनच आमदार, आणि कारखान्याच्या कर्जाला थकहमी सरकारची. हे दरवर्षी कागदावर यायला नको?

पेन्शनर अण्णा
अहो, ग्रामीण आमदार ऊस लावतो, सोसायटीचं कर्ज घेतो, संघाला दूध घालतो. त्याचे हितसंबंध म्हणजेच मतदारांचे हितसंबंध. मग ऊसदरावर बोलायचं कुणी, मलबार हिलच्या आमदारानं? आणि ज्याला लपवायचंय त्याचं सगळं पुतण्याच्या नाहीतर व्याह्याच्या नावावर असतं. तुमच्या रकान्यात सापडेल तो सरळ माणूस.

बांधावरचा
ऊस लावणं वेगळं, चेअरमनकी वेगळी. बोलू नका असं कोण म्हणतंय? आधी सांगा, मग खुशाल बोला. साध्या सरकारी कारकुनाला 1979 च्या वर्तणूक नियमांखाली मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं, आमदारसाहेबांनाच कसली अडचण?

काळा कोट
कायद्याचं थोडं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे सरकारशी मालपुरवठ्याचं किंवा कामाचं कंत्राट चालू असेल तर आमदारकी जाते. पण कंत्राट कंपनीच्या नावावर असलं की कायद्याच्या लेखी कंपनी ही वेगळी व्यक्ती. खरी गोम इथे आहे. अण्णांच्या बाजूनंही एक: 2024 मध्ये अरुणाचलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवाराची प्रत्येक जंगम वस्तू जाणून घेण्याचा मतदाराला निरपवाद हक्क नाही. मात्र लोकप्रतिनिधींच्या वाढत्या मालमत्तेवर लक्ष ठेवणारी कायमची यंत्रणा हवी, हेही याच न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय.

पेन्शनर अण्णा
यंत्रणा! ती नेमणार कोण? सरकारच ना? मग पहिली नोटीस विरोधी बाकांवर, आणि पक्ष बदलला की फाईल बंद. हे बघतोच आहोत.

बांधावरचा
म्हणून तपासणी राहू द्या. नुसतं दरवर्षी जाहीर करा. व्याही कोण, पुतण्या कोण, हे गावाला पाठ असतं.

पेन्शनर अण्णा
पाठ आहे हो. पण तक्रारीवर सही कोण करणार? गावाचा ऊस त्याच कारखान्याला जातो.