४ इस्पिकवर थांबलो आणि १३ आयएमपी गेले. चूक माझी?

पाचपाखाडीकर

गेल्या रविवारी नेरूळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये ब्रिजची टीम मॅच झाली, म्हणजे तीच पानं दोन टेबलांवर खेळायची आणि गुणांची तुलना करायची. आमचे चार ठाण्याचे, त्यांचे चार नेरूळचे, बोर्ड २४. आम्ही हरलो. थोडक्यात हरलो म्हणून सगळं खापर एका बोर्डावर, पर्यायाने माझ्यावर फुटलंय. पानं मांडतो, तुम्हीच सांगा.

दोन्ही बाजू व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे). बोलीची सुरुवात माझ्याकडून.

माझी पानं: इस्पिक एक्का-राजा-गुलाम-८-४, बदाम ६, चौकट एक्का-राणी-७-३, किलवर राजा-५-२. एकूण १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).

भिडूची (अण्णांची): इस्पिक राणी-१०-७-३, बदाम एक्का-८-५-२, चौकट राजा-४, किलवर ९-६-४.

मी १ इस्पिक बोललो, अण्णा ३ इस्पिक, मी ४ इस्पिक (१० हातांची बोली, म्हणजे 'गेम'). विरुद्ध पार्टी सगळा वेळ पास. किलवरचा एक्का माझ्या उजवीकडे निघाला आणि १२ हात झाले. आमचे ६८०. दुसऱ्या टेबलावर नेरूळवाल्यांनी ६ इस्पिक बोलून केले, त्यांचे १४३०. फरक ७५०, म्हणजे १३ आयएमपी (फरकावरून मोजायचे टीम मॅचचे गुण).

परतीच्या गाडीत अण्णा जुईनगर गेलं तरी गप्प, तुर्भे गेलं तरी गप्प. कोपरखैरणेला डबा जरा रिकामा झाला तेव्हा म्हणाले, "सतरा पॉइंट, एकपानी बदाम, आणि तू चारवर झोपलास." त्यानंतर थेट ठाणे स्टेशनपर्यंत शांतता.

माझं म्हणणं सरळ आहे. दोघांची पानं समोर ठेवून बघा: स्लॅम (सहाची बोली, १३ पैकी १२ हात) फक्त किलवरच्या एक्क्यावर आहे. तो उजवीकडे असला तर राजा लागतो, डावीकडे असला तर किलवरचे दोन हात जातात. म्हणजे ५० टक्के. त्यातून हुकूम ४-० वाटलेले असण्याची शक्यता १० टक्के, ती वजा करा. पन्नासच्या खालचा स्लॅम बोलायचा नसतो हे पहिल्या इयत्तेत शिकवतात. एक्का चुकून बरोबर जागी बसला, म्हणून मी चुकलो?

आणि एक मोठं विधान करून टाकतो, शिव्या खायची तयारी आहे. आपल्यासारख्या रविवारच्या खेळाडूंनी स्लॅमच्या भानगडीत कमीच पडावं. गेम बोला, नीट खेळा, समोरच्याला चुकू द्या. मॅच त्यानेच जिंकल्या जातात.

---

त्रैराशिक

गणित बरोबर आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्यासाठी मांडून ठेवतो. व्हल्नरेबल छोट्या स्लॅमचा बोनस ७५०. स्लॅम झाला तर गेमवर थांबलेल्यापेक्षा ७५० जास्त, म्हणजे १३ आयएमपी कमावले. एक हात कमी पडला तर तुमचे उणे १०० आणि समोरच्याचे ६५०, परत फरक ७५०, परत १३. नॉन-व्हल्नरेबल असाल तर दोन्हीकडे ५०० आणि ११. तराजू समसमान, म्हणून सीमा ५० टक्के. ग्रँड स्लॅमला (सगळे तेरा हात) काटा वर सरकतो, साधारण ५६ टक्के लागतात, कारण तिथे हातातला छोटा स्लॅमही जातो.

२६ पॉइंटांत स्लॅम न बोलल्याबद्दल कोणी माफी मागायची नसते. निकालावरून बोलीची किंमत करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

---

खाडीपलीकडची माई

तो ६ इस्पिक मीच बोलले होते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

पाचपाखाडीकर, तुम्ही अण्णांवर आरोप करताय की ते निकाल बघून बोलतात. पण तुम्हीही तेच करताय! दोन्ही हात उघडे ठेवून तुम्ही ५० टक्के मोजलेत. टेबलावर तुम्हाला अण्णांची पानं दिसत होती का?

मी काय केलं ते सांगते. माझा भिडूही ३ इस्पिक बोलला. मी ४ किलवर बोलून तिथला कंट्रोल (एक्का, राजा किंवा आखूड रंग) दाखवला, त्याने ४ चौकट बोलून त्याचा दाखवला. चौकटीचा एक्का माझ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे राजा किंवा आखूड चौकट. मग ४ नोट्रम्प विचारलं, म्हणजे की-कार्डं (चार एक्के आणि हुकमाचा राजा) किती आहेत ते. उत्तर आलं, एक की-कार्ड. हुकमाची राणी विचारली, तीही आहे आणि चौकटीचा राजाही आहे. तीन की-कार्डं माझ्याकडे, एक त्याच्याकडे, म्हणजे एक एक्का बाहेर. कुठला ते मला माहीत नव्हतं.

आता गंमत बघा. भिडूच्या हातातला बदामचा एक्का काढा आणि त्याजागी किलवरचा घाला. इस्पिक राणी-१०-७-३, बदाम ८-५-४-२, चौकट राजा-४, किलवर एक्का-९-६. पॉइंट तेवढेच, नऊ. पण आता चौकटीच्या राणीवर डमीचं (भिडूच्या उघड्या पानांतलं) एक किलवर टाकायचं, आपलं तिसरं किलवर डमीत कापायचं, चौथी चौकट डमीत कापायची. पाच हुकूम, तीन चौकट, दोन किलवर, दोन कापलेले. बारा. फक्त बदामचा एक हात जातो, एक्का कुणाकडे आहे याची फिकीरच नाही.

म्हणजे मी बोलले तेव्हा चित्र असं होतं: अर्ध्या वेळा जवळजवळ पक्का स्लॅम, अर्ध्या वेळा तुमचा तो पन्नासच्या खालचा. सरासरी सत्तरला टेकते. नशिबाने मला वाईट अर्धं मिळालं, आणि त्यातही एक्का बरोबर बसला.

तुम्ही विचारलंच नाहीत. माझा राग त्यावर आहे, चारवर थांबण्यावर नाही.

---

मेंढीकोट चॅम्पियन

मला ब्रिजमधलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे नौपाड्यात गणपतीत रात्रभर मेंढीकोट आणि तीनशे चार चालायचं. तीनशे चारमध्ये भिडू गप्प बसला की आजोबा म्हणायचे, "पानं छातीशी धरून काय मिळणार?" माझं मत माईंना. चालू द्या.

---

पाचपाखाडीकर

माई, मुद्दा लागला. खरंच लागला. पण विचारायलाही पैसे पडतात. समजा अण्णांकडे एक्का नाहीच, बदामचे राजा-राणी आहेत. इस्पिक राणी-१०-७-३, बदाम राजा-राणी-५-२, चौकट राजा-४, किलवर ९-६-४. माझ्या एकपानी बदामासमोर ते पाच पॉइंट असून नसल्यासारखे. ४ नोट्रम्पला उत्तर येणार 'शून्य', आणि मी ५ इस्पिकवर अडकणार. चारवर आरामात झालेला गेम पाचवर घालवला तर अण्णा मला दिघ्यालाच उतरवतील.

---

खाडीपलीकडची माई

मोजून बघा ना! त्या पानांत ५ इस्पिक कधी पडतात? किलवरचा एक्का तुमच्या डावीकडे आणि बदामचा उजवीकडे असला तरच. म्हणजे ढोबळमानाने चारांतून एकदा. बाकी तीनही मांडण्यांत एक बदाम, एक किलवर देऊन सुटता. आणि राजा-राणी असून-नसल्यासारखे कसे? किलवरचा एक्का डावीकडे असला की ज्या बदामांवर तुमची किलवरं टाकायची ते हेच.

विचारण्याची किंमत आहे, मान्य. पण तुम्ही बस चुकेल म्हणून घराबाहेरच न पडणाऱ्यातले.

---

त्रैराशिक

माई, थोडं हळू. तुमचे सत्तर टक्के फुगवलेले आहेत. भिडूच्या चौकटीत दोनच पानं आहेत हे तुम्हाला कुठल्या बोलीने कळलं? चौकट राजा-९-४ असती तर राणीवर किलवर टाकता आलं नसतं आणि तुमची बारा हातांची बेरीज ढासळली असती. तुम्हीही उघडे हात बघूनच मोजताय, फक्त एक एक्का हलवून.

दुसरं, ईझ्ली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये ४ नोट्रम्पची पद्धत काढली ती दोन एक्के नसताना स्लॅममध्ये न शिरण्यासाठी. आपल्याकडे ती शिरण्याचा परवाना म्हणून वापरतात. 'एकच एक्का बाहेर आहे ना, मग सहा' हा विचार नव्हे, सवय आहे.

---

खाडीपलीकडची माई

चौकटीचं बरोबर बोललात. सत्तर नको, साठ धरा. साठही पन्नासपेक्षा जास्तच की हो.

---

८.०५ ची डबल फास्ट

मी त्रैराशिकांच्या विरुद्ध, पण कारण वेगळं. आम्ही वीस वर्षं कल्याणहून येताना मांडीवर ब्रीफकेस ठेवून खेळलो. गर्दीत पत्ते उडायचे, पण एक गोष्ट शिकलो: कागदावरचे ५० आणि टेबलावरचे ५० हे वेगळे.

किलवरचा एक्का डावीकडच्याकडे आहे असं धरा. उतारी त्याचीच. स्लॅमविरुद्ध हातात एक्का असलेला रविवारचा खेळाडू काय करतो? आपटतो! 'निदान एक तरी हात घेऊन ठेवू.' त्याने तो आपटला की तुमचा राजा मोकळा, बारा हात तयार. म्हणजे एक्का चुकीच्या जागी असूनही स्लॅम होतो. असे लोक दहात तीन जरी निघाले तरी तुमचे ४५ टक्के पन्नासच्या वर जातात. म्हणून त्रैराशिकांनी सांगितलेली सीमा बरोबर, पण टक्के चुकीचे.

त्यावरून आणखी एक. माईंनी ४ किलवर, ४ चौकट असं सगळं ओरडून सांगितलं. त्याने भिडूला कळतं तसं समोरच्यालाही कळतं. मी ३ इस्पिकवर डोळे मिटून ६ बोललो असतो. डावीकडच्याला बिचाऱ्याला काय उतारावं कळलं नसतं.

आणि 'रविवारच्या खेळाडूंनी जपून' हे मला अजिबात मान्य नाही. २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या पेअर्सचं (जोड्यांच्या स्पर्धेचं) सुवर्ण आणलं तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. वय आणि रविवार यांची सबब नको.

---

त्रैराशिक

एशियाडचे विजेते आणि आपण यांत थोडं अंतर आहे, डबल फास्ट.

लोक एक्का आपटतात हे खरं. पण मग डिक्लेररही (बोली खेळणारा) आपल्यातलाच असतो हे का विसरता? या स्लॅममध्ये डमीत दोनदा कापायचं आहे, एकदा चौकट, एकदा किलवर. डमीचे हुकूम चारच. क्लबातला माणूस हातात आला की पहिलं काय करतो? हुकूम ओढतो. ३-१ वाटलेले असले, आणि ते अर्ध्या वेळा असतातच, की तीनदा ओढतो. डमीत उरतो एक. झालं, अकरा हात. समोरच्याच्या चुकांचे टक्के वाढवताना स्वतःच्या चुकांचे वजा करायला नकोत?

डोळे मिटून ६ बोलण्याबद्दल एवढंच म्हणतो: दोन एक्के बाहेर असतील तेव्हा डोळे उघडतील.

---

पाचपाखाडीकर

माई, खरं सांगा. हुकूम किती वेळा ओढलेत?

---

खाडीपलीकडची माई

दोनदा. २-२ निघाले. ३-१ असते तर तिसऱ्यांदा ओढले असते का? प्रामाणिकपणे, माहीत नाही. हात तिकडे जातोच. उतारी बदामची आली, डमीतल्या एक्क्याने घेतली आणि तिथूनच किलवर खेळले. उजवीकडच्याने एक्का घेतला तेव्हा तुमच्या टीमचा माणूस सुस्कारा सोडून म्हणाला, "आमच्यावाल्यांनी पण बोललं असेल." म्हटलं तर कौतुकच की तुमचं.

---

पाचपाखाडीकर

पुरे झालं. मी अर्धा मागे येतो. ६ इस्पिक बोलायला हवे होते हे अजून मान्य नाही. ३ इस्पिकनंतर ४ किलवर बोलून बघायला हवं होतं, हे मान्य. सतरा पॉइंट मोजले, पण ते कुठे आहेत आणि अण्णांचे कुठे असतील हे मनात फिरवलंच नाही. बोलून झाल्यावर गणित केलं, त्रैराशिकांनी त्याला गुण दिले, म्हणून बरं वाटलं.

मात्र पेअर्स असती तर? आमच्या दर महिन्याच्या पेअर्समध्ये आठ टेबलांपैकी फार तर दोन-तीन जोड्या स्लॅमला जातात. तिथे ४ अधिक २ ला बरे गुण पडतात. तिथेही मी चुकलो का?

---

त्रैराशिक

पेअर्समध्ये किती फरकाने याला किंमत नाही, फक्त किती जणांपेक्षा जास्त. सीमा तरीही पन्नासच्याच आसपास येते. पण तुमचा क्लब एवढा भित्रा असेल तर बारा हात करूनच तुम्ही सरासरीच्या वर असता, मग साठ टक्क्यांच्या आत हात घालू नका. टीममध्ये ही सवय घेऊन गेलात, तिथे घोळ झाला.

---

अण्णा_चेंदणी

पुतणीने हा धागा दाखवला. बाकी सगळं वाचलं. माईंना नमस्कार. ४ किलवर आलं असतं तर मी ४ चौकट बोललोच असतो, त्याची खात्री बाळग.

पण मी गाडीत गप्प होतो ते या बोर्डावरून नव्हे. त्यापुढच्या बोर्डला ३ नोट्रम्पविरुद्ध तू चौकटीच्या राणीची उतारी केलीस, मी बदाम बोललेलो असताना. त्याचा धागा कधी काढतोयस?