घरच्या घरी क्लच-गिअरबॉक्स उतरवलाय का कुणी? अनुभव सांगा

चिंचेखालची
काल सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत पुढचा टेम्पो हाफ क्लचवर रेटत होता. जळक्या क्लचप्लेटचा तो वास आला आणि मी थेट होटगी रोडच्या आमच्या वाड्यात जाऊन पोचले.

अण्णांनी लिलावात शक्तिमान ट्रक घेतला होता. जबलपूरला बनायचा तो, जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर, १९५९ पासून. मागं क्रेन बसवून हैदराबाद रोडवर पलटी झालेल्या गाड्या ओढायचा. एका मे महिन्यात क्लच सुटायला लागला. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. अण्णांचा पाय सदा पेडलवर, फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, कधी तपासलाच नव्हता.

चिंचेच्या फांदीला चेनपुली, खाली लाकडी ठोकळे. बोल्ट मी काढायचे, कारण माझा हात बारीक. प्लेट मधोमध बसवायला जुना शाफ्ट मिळेना, तर अण्णांनी आईचं लाटणं घेतलं. त्याला टॉवेलची किनार गुंडाळत गेले, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) मधल्या पायलट बेरिंगात घट्ट बसेपर्यंत. सोलापूरचा टॉवेल, कुठंबी कामी येतो!

सगळं बसवलं, तेल भरलं, गाडी चालू केली. पेडल तळाला टेकवलं तरी गिअर पडेना, नुसती करकर. प्लेट उलटी बसवली होती ओ. हबचा, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाचा, उंच भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकत होता. अण्णा पाच मिनिटं गप्प. मग आईला म्हणाले, "चहा टाक." अन् पुन्हा पहिला बोल्ट.

तुमचं सांगा.

कडकभाकरी
लाटण्याचं पुढं काय झालं ते आधी सांगा 😂

चिंचेखालची
आईनं दोन दिवस भाकरीच थापल्या. लाटणं अजून अण्णांच्या टूलबॉक्समध्ये आहे, ग्रीससकट.

पाना१४
उलटी प्लेट मी पण बसवलीय, जीपला. आता बसवायच्या आधी खडूनं 'इंजिनकडे' लिहितो.
आणखी एक. रिलीज बेरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवतं ते) डिझेलमध्ये धुवू नका. माझ्या मेव्हण्यानं स्वच्छतेच्या नादात धुतलं, आतलं ग्रीस सगळं बाहेर. दोन महिन्यांत पेडल दाबलं की किंचाळायला लागलं. मेव्हणा तसाच आहे, बेरिंग बदललं.

बाळेवेसकर
आमचे मामा जुना डॉज चालवायचे. महायुद्धातल्या बऱ्याच ट्रकांना सिंक्रो (गिअरांचा वेग आपोआप जुळवणारा) नसायचा, म्हणून डबल क्लच. क्लच दाब, न्यूट्रल, सोड, रेस दे, परत दाब, मग खालचा गिअर. चुकलं की मामांची टपली. आता मुलाची गाडी ऑटोमॅटिक, त्यात माझा डावा पाय नुसताच नाचतो.

सुई_दोरा
गाड्यांतलं काही कळत नाही, पण फोटो टाका ना चिंचेचा. आणि शेंगाची चटणी पुण्यात चांगली कुठं मिळेल?

कडकभाकरी
पुण्यात कशाला शोधताय, येणाऱ्याच्या हाती मागवा की.

ग्रीसगन
अण्णांना नमस्कार सांगा ताई. एक मात्र सांगून ठेवतो. आम्ही पोरं बेल हाऊसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) हवा मारून काळी भुकटी उडवायचो आणि हसायचो, तोंड बघ तुझं म्हणून. क्लचप्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला घातक. जुन्या गाडीला हात घालणाऱ्यांनी ओल्या फडक्यानं पुसा, हवा मारू नका. आमचे उस्ताद शेवटी शेवटी फार खोकायचे. कशानं ते कुणी तपासलं नाही.

पाना१४
खरंय. आम्ही तर त्याच हातानं वडापाव खायचो.

बाळेवेसकर
@चिंचेखालची, दुसऱ्यांदा उतरवताना किती वेळ लागला? पहिल्यापेक्षा निम्मा?

चिंचेखालची
पहिल्यांदा दोन दिवस. दुसऱ्यांदा सकाळी लागलो ते दिवेलागणीला चालू! तेव्हा मात्र मी दोनदा विचारलं, "अण्णा, उंच बाजू मागं ना?" ते म्हणाले, "तूच बघ, माझा भरवसा नाही."

फोटो टाकते नंतर. नळाला पाणी आलंय, पाच दिवसांनी. पळते.