मदत हवी आहे : द्राक्षबागेतली पिवळी पावडर आणि थायरॉईड

निफाडकर
घाईत लिहितोय. काल मिसेसचा थायरॉईडचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, बागेत काय फवारता? ती पिवळी पावडर युरोपात बंद आहे म्हणे. मग इथे दुकानात कशी मिळते? पुड्यावर हिरवा त्रिकोण आहे. बाग फुलोऱ्यात आहे, आभाळ आलंय, उद्या फवारू का नको?

शेतकरीपुत्र
कुठली पावडर? गंधकही पिवळंच असतं.

निफाडकर
एम पंचेचाळीस हो. सगळेच मारतात.

रसायनवाचक
म्हणजे मॅन्कोझेब, बुरशीनाशक. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याची मंजुरी पुढे वाढवली नाही. प्रजननाला घातक आणि संप्रेरकांत बिघाड करणारं, ही त्यामागची मोठी कारणं. त्यातून ईटीयू नावाचं रसायन तयार होतं, ते थायरॉईडला संप्रेरक बनवू देत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या मे २०२० च्या बंदीच्या मसुद्यात २७ औषधं होती, त्यात हेही होतं. २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिलवर. मॅन्कोझेब राहिलं. त्रिकोणाचं म्हणाल तर तो एका वेळी अंगात गेलं तर किती विषारी, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं जातं त्याचा रंग कुठेच छापत नाहीत, याची मला फार चीड येते.

एक्स्पोर्टवाले अण्णा
काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यातलं अंतर, पाळा; परदेशी जाणारा कंटेनर अडकत नाही.

निफाडकर
अण्णा, माल लोकलला जातो. मी घरच्या माणसाचं विचारतोय.

देशी गाय
शेण-गोमूत्राचं जीवामृत आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो. बाकी सगळं विष.

शेतकरीपुत्र
जीवामृताने डाऊनी, द्राक्षावरचा केवडा रोग, थांबलेली मी पाहिली नाही. माझे घड गेलेत दोनदा. आणि फुलोऱ्यात बोर्डो मारून जळलं तर भरून कोण देणार?

कोकणी माणूस
केरळात कासरगोडला काजूवर एंडोसल्फान हे कीटकनाशक हेलिकॉप्टरने फवारायचे. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ ला, तोवर पिढी गेली.

सुनंदाताई
वहिनी बागेत काय करतात? दिवस गेलेत का?

निफाडकर
तिसरा महिना. फेलफुटी, म्हणजे वेलीच्या नको असलेल्या फुटी, काढते, औषधही तीच कालवून देते.

सुनंदाताई
अहो, हे आधी सांगायचं! पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर चालते. थायरॉईड औषधानेच बिघडला असं नुसत्या रिपोर्टवरून कुणी सांगू शकणार नाही, पण आजपासून त्यांना कालवायला आणि फवारलेल्या बागेत पाठवू नका. तुमचे फवारणीचे कपडे तुम्हीच धुवा, वेगळे. रिकामा पुडा डॉक्टरांना दाखवा.

रसायनवाचक
फवारणीचं पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राला फोन करून विचारा. बाग फुलोऱ्यात आहे हे सांगा.

निफाडकर
पुडा पिशवीत ठेवला. कालवायला भाऊ येतोय. केंद्र सकाळी किती वाजता उघडतं?