परवानगी मागितली की फोटो मरतो म्हणे!

कोष्ट्याचा पोरगा: काल इथं एकानं ज्ञान पाजळलं: "इतवारी बाजारात हमालाला विचारायला गेलं की तो कॉलर नीट करतो, फोटो मरतो. लांबूनच ८५ एमएमच्या लेन्सनं टिपा." बाप्पा! असाच एक जण आमच्या दारातून बाबांना टिपून गेला. एफ १.८वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून; त्यानं मागचं धूसर होतं. फोटोत नुसत्या सुरकुत्या. खड्ड्यातला माग, हातातला धोटा सगळं धुक्यात. माग दाखवायचाच नव्हता तर दारात कशाला आला? चौकातला कोणताही म्हातारा चालला असता. अर्नॉल्ड न्यूमन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९४६ मध्ये संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीला कोपऱ्यात बसवून चौकटभर पियानोचं झाकण दाखवलं, ते काय उगाच?

बिनफ्लॅश: तो फोटो विचारूनच काढलेला ना? मग न्यूमनचाच १९६३ चा क्रुपचा फोटो पाहा. तो जर्मन उद्योगपती स्वतःच्या कारखान्यात राजीखुशीनं बसला अन् दोन्ही बाजूंच्या उजेडानं सैतान दिसला. परवानगीनं न्याय होतो हे कोणी सांगितलं? अन् आमच्या काकूला विचारलं, तर तिनं ओट्यावरचं कळकट पातेलं लपवून बैठकीतली फुलदाणी आणून ठेवली. घ्या तुमचं माणसाभोवतीचं वातावरण!

महालची सून: फुलदाणी आणणारी काकू हीच खरी काकू. तुम्हाला गरिबी दिसायला पाहिजे, तिला नको आहे. आणि आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत काय चाललंय? काळी अन् पिवळी मारबत, या दोन पुतळ्यांची भेट पाहायला गेले, तर समोर नुसते हात वर अन् कॅमेरे. 'इडा-पिडा घेऊन जा गे मारबत', सोबत हे लेन्सवालेही ने!

बिनफ्लॅश: मिरवणूक रस्त्यावरची आहे. तुम्ही काय मारबतीच्या ठेकेदार?

महालची सून: लहानपणापासून मिरवणुकीतले बडग्यांचे पुतळे पाहतो आम्ही. तुम्ही फुटाळा तलावावरून सूर्यास्ताचे फोटो संपवून येता.

कोष्ट्याचा पोरगा: अरे, मुद्दा मारबत नव्हता!

बिनफ्लॅश: काहून नव्हता? तिथं हजार लोकांना विचारत बसू?

जुना रोल: भांडा. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये ज्या मजूर आईचा फोटो काढला, तिचं नाव जगाला १९७८ मध्ये कळलं. आपला फोटो काढला नसता तर बरं, असं ती म्हणाली. नाव तरी विचारा रे.

बिनफ्लॅश: बरं बाप्पा, कोणाच्या घरात शिरताना विचारतो, नावही लिहून घेतो. खूश? मारबतीत कोणाले विचारू, पिवळीले?

महालची सून: तिलेच विचार. अन् बाजूला हो, मागं लेकरं उभी असतात.