मृत्युपत्र, नॉमिनी, कपाटाच्या किल्ल्या: तुमच्या घरी कसं झालं?

सायलीची_आई
परवा पासबुक भरायला बँकेत गेले होते, पुढे एक पंचविशीतला मुलगा वडिलांचा मृत्यूचा दाखला हातात घेऊन उभा, आणि काउंटरवरच्या बाई त्याला सांगतायत खात्याला नॉमिनी नाही, सगळ्या वारसांच्या सह्या आणा. त्याचं तोंड बघवेना. मला एकदम आमचे नाना आठवले.

नाना एसटीत होते, सांगलीला. सत्तरी झाल्यावर एका रविवारी आम्हा तिघा भावंडांना बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर फूलस्केपवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र काढून वाचायला सुरुवात! राहतं घर आई असेपर्यंत आईचं, नंतर तिघांचं सारखं, त्यांनी स्वतः घेतलेला शेताचा तुकडा धाकट्याला कारण तो कसतो. आई रडायला लागली, अभद्र बोलू नका म्हणून. दादा ताडकन उठून बाहेर. नाना म्हणाले, मी गेल्यावर भांडलात तर सोडवायला मी नसणार, काय भांडायचंय ते आत्ता माझ्यासमोर भांडा. आणि झालं की भांडण, चांगलं संध्याकाळपर्यंत. पण नानांनी दादाला समोर बसवून कारण सांगितलं, तुझ्या इंजिनिअरिंगला काय गेलं ते सांगितलं, आणि ते तिथेच मिटलं. साक्षीदार दोन, दोघेही नानांपेक्षा बरेच लहान, मुद्दाम. स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीचीही सक्ती नाही, तरी ते दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवून आले. ते गेल्यावर आमच्यात वाटणीवरून एक शब्द झाला नाही.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. बरं वाईट दोन्ही.

कृष्णाकाठ
नाना कुठल्या डेपोला? माझे सासरे मिरज डेपोला वाहतूक नियंत्रक होते, ओळखत असतील.

सायलीची_आई
सांगलीलाच वर्कशॉपला. मिरजेचे बरेच जण यायचे आमच्याकडे हुरड्याला.

ठाणे_पश्चिम
नॉमिनीवरून आमच्या चुलत घरात अजून बोलणं बंद आहे. काकांनी सोसायटीच्या फॉर्मवर थोरल्याचं नाव घातलेलं कारण तो जवळ राहायचा, बाकी काही विचार नव्हता. काका गेल्यावर थोरला म्हणतो फ्लॅट माझा. अहो नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तेवढ्यापुरतं ते नाव. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ ला बदल झाला त्यात तर स्पष्टच आलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, नॉमिनी असला तरी हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्याचा. धाकटी बहीण परवापर्यंत राखी पाठवत होती त्याला, आता तेही बंद. एक कागद असता तर.

पिंपळपार
राखीचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची तर सगळ्यांनी गृहीतच धरलं की आत्या हक्कसोडपत्र करून देणार. विचारलंसुद्धा नाही कोणी, तारीख ठरवून फोन केला, या सहीला. तीनही आत्या आल्या, सह्या केल्या, वहिनीने साडी दिली, पुरणपोळी खाऊन गेल्या. मधल्या आत्याला तेव्हा नवऱ्याच्या डायलिसिसला पैसे लागत होते हे आम्हाला नंतर कळलं, ती बोलली नाही कारण माहेर तुटेल. मी तेव्हा कॉलेजात होतो पण ते मला अजून बोचतं. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, सोडायचा असेल तर तिने स्वतःहून सोडावा, ताटावर बसवून सही घेऊ नये. मी बाबांना सांगितलंय, तुमच्यामागे ताईचं नाव फेरफारात माझ्याआधी लागेल. बाबा काही बोलले नाहीत पण तलाठ्याकडे जाऊन नमुना अर्ज घेऊन आले.

जास्वंद
पिंपळपार, तुमची ताई नशीबवान. 🙏

रात्रपाळी
मी निवृत्त नर्स, पुण्यात. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मूल नाही. वन बीएचके माझ्या पगारातून माझ्या नावावर घेतला. धाकटी बहीण आणि भाची माझं सगळं बघतात, गुडघ्याच्या ऑपरेशनला भाची रजा टाकून राहिली. वकीलबाईंनी विचारलं, मृत्युपत्र केलंय का, मी म्हटलं कशाला, बहिणीलाच जाईल ना. तर नाही! हिंदू वारसा कायद्याचं कलम १५, नवरा नाही मूल नाही तर बाईच्या स्वकमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आईवडीलही त्यांच्या नंतर. म्हणजे माझा फ्लॅट त्या पुतण्यांना जे मला रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं, डॉक्टरांकडून सुदृढ मनस्थितीचा दाखला जोडला, नोंदणीची फी शंभर रुपये. एकट्या बायकांनो, विधवा असा, घटस्फोटित असा, हे खरंच आजच करा. माझ्या वॉर्डात मी कितीतरी जणी बघितल्यात ज्यांना "बरं वाटलं की करू" म्हणता म्हणता सही करायची ताकद उरली नाही.

जास्वंद
बापरे हे माहीतच नव्हतं. मावशीला आत्ता पाठवते.

ठाणे_पश्चिम
रात्रपाळी ताई, गुडघ्याचं कुठल्या पायाचं केलंत? माझ्या आईला दोन्हीचं सांगितलंय, एकदम करावं का?

रात्रपाळी
वय आणि शुगर सांगा, मेसेज करते. एकदम करायची घाई नको.

मांडवीतीर
गोव्यात वेगळंच असतं बरं का. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, लग्न झालं की वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. आणि आपल्या वाट्यातल्या अर्ध्याच भागाचं मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा मुलांचा राखीव, मुलगा मुलगी सारखे. त्यामुळे रागाच्या भरात कोणाला बेदखल करणं सोपं नाही. मृत्युपत्रही नोटरीसमोर करायचं. तरी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या, केसेस रेंगाळतातच, कारण अर्धे वारस मुंबईत, अर्धे लिस्बन नाहीतर लंडनला.

बर्फातली_वांगी
न्यू जर्सीहून. आमची मुलं लहान, इथे विल करताना मालमत्तेपेक्षा मोठा प्रश्न आला, आम्ही दोघंही नसलो तर मुलं कोणाकडे. लिहिलं नसेल तर कोर्ट ठरवतं. दीर की माझी बहीण यावर आमचं महिनाभर चाललं. शेवटी बहिणीचं नाव, कारण मुलं तिच्याशी मराठी बोलतात. दिरांना आम्हीच फोन करून सांगितलं.

केळीचं_पान
पैशाचं झालं, शरीराचं कोणी लिहिलं नाही. माझी आई शेवटी व्हेंटिलेटरवर होती, आम्ही भावंडं कॉरिडॉरमध्ये एकमेकांशी भांडत होतो, काढा, नका काढू. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग आठवतायत ना, त्यांच्याच प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टाने असे उपचार थांबवायला पहिल्यांदा दार किलकिलं केलं. मग २०१८ ला वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली आणि २०२३ ला रीत सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी आणि नवऱ्याने केलं, प्रती मुलाला आणि फॅमिली डॉक्टरांना. मुलगा रडला, म्हणाला आई हे माझ्यावर टाकू नकोस. मी म्हटलं बाळा, टाकत नाहीये, तुझ्यावरचं काढतेय.

पिंपळपार
काकू 🙏🙏

सदाशिव_पेठ
एक इशारा. मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र करून टाका, मुलाच्या नावावर करायला मुद्रांक फक्त दोनशे रुपये, असं सगळे सांगतात. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी केलं आणि आता मुलगा सून त्यांना गॅलरीत झोपवतात. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र गेलं की गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळलं नाही तर रद्द करून मागता येतं, पण मुलगा सांभाळेल ही अट कागदातच स्पष्ट लिहिलेली बरी, नाहीतर वाद घालत बसायचं. काकांच्यात ती नाही. आम्ही शेजारी मिळून त्यांना त्या कायद्याखाली अर्ज करायला प्रांत कार्यालयात न्यायचं ठरवलंय.

सायलीची_आई
न्याच. आणि काय झालं ते इथे कळवा.

लाल_डायरी
आमच्या ह्यांनी एक डायरी केलीय, एफडी, पीपीएफ, विमा, कोणाला उसने दिले, गॅसचं कार्ड कुठे, मोबाईलचा पिन, सगळं. वर लिहिलंय "घाबरू नकोस, क्रमाने कर". बाबांच्या जुन्या ठेवी आम्हाला रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधून सापडल्या, दहा वर्षं कोणी विचारलं नाही की त्या रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत वर्ग होतात. आता बँकेत चार नॉमिनी लावता येतात, नोव्हेंबर २०२५ पासून, तेही करून टाकलं.

जास्वंद
"घाबरू नकोस" वाचून डोळे भरले. मृत्युपत्र मराठीत हाताने लिहिलेलं चालतं ना?

रात्रपाळी
चालतं. कुठल्याही भाषेत. तारीख, प्रत्येक पानावर सही, आणि दोन्ही साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका.

कृष्णाकाठ
लॉकरमध्ये ठेवावं का?

लाल_डायरी
एकट्याच्या नावाचा लॉकर असेल तर अजिबात नको. तो उघडायलाच तुमच्या मागे कागद लागतील. घरच्या कपाटात ठेवा आणि दोघांना तरी सांगून ठेवा.