सदतीस सांगितले की त्र्याहत्तर का लिहिले जाते?

विचारणा : दोन मुलांची आई

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. तिला सात वर्षे पूर्ण झाली आहेत. एक ते शंभर ती न अडखळता म्हणते. मात्र मी 'सदतीस' असे सांगितले की ती ७३ लिहिते आणि 'अठ्ठेचाळीस'चे ८४ करते. पाटीवर २५ लिहून दाखवले, तर पुष्कळदा 'बावन्न' असे वाचते. मण्यांनी बेरीज करायला दिली, तर ती सहसा चुकत नाही. सासऱ्यांच्या मते रोज संध्याकाळी उजळणी घेतली की हे आपोआप सुटेल, तर एका परिचितांनी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घेण्यास सुचवले आहे. धाकटा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो जिन्याच्या पायऱ्या दहापर्यंत मोजतो, पण "तीन शेंगदाणे दे" म्हटले की मूठभर देतो. दोघांची अडचण एकच आहे का? मुलीला इंग्रजीतून अंक शिकवावेत का?

उत्तर १ : प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

ताई, आपली मुलगी जे ऐकते तेच, ज्या क्रमाने ऐकते त्या क्रमाने लिहिते आहे. 'सदतीस' या शब्दात सात आधी ऐकू येतो आणि तीस नंतर. अक्षरे लिहिताना जे आधी ऐकू येते ते आधी लिहायचे, असे आपणच तिला वर्षभर शिकवले आहे. मग अंकांच्या बाबतीत तिने हा नियम उलटा करावा, हे तिला कोणी सांगितले? शिवाय आपली संख्यानामे सरळ जोडलेली नाहीत. एकट्या साताची रूपे पाहा : सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याण्णव. 'बावन्न'मध्ये तर पन्नास ऐकूच येत नाही. तो 'वन्न' म्हणजे पन्नास, हे मुलाला निराळे कळावे लागते. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली असल्यामुळे, 'एकोणचाळीस'ला ४९ लिहिणारी मुले मला दरवर्षी भेटतात, कारण नऊ येणार हे त्यांना ठाऊक असते आणि कानावर चाळीस पडलेला असतो.

घरी एक गोष्ट करून पाहा. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या समोर ठेवून 'सदतीस काड्या दे' असे सांगा. तिने तीन गठ्ठे आणि सात सुट्या उचलल्या, तर दशक-एकक तिला समजले आहे आणि अडचण फक्त नावापासून लेखनापर्यंतच्या वाटेत आहे. तिने सात गठ्ठे उचलले, तर मात्र लेखन बाजूला ठेवून काही आठवडे गठ्ठेच बांधावे लागतील. उजळणीला माझा विरोध नाही, परंतु शंभरपर्यंतची साखळी मूल श्लोकासारखी म्हणू शकते. मधूनच 'सदुसष्टनंतर काय?' असे विचारले, की ते मागे जाऊन साठपासून सुरुवात करते, हे आपणही पाहिले असेल.

उत्तर २ : जर्मनीतील मराठी पालक

इंग्रजीकडे वळण्याची घाई करू नये, असे मला वाटते. जर्मन भाषेतही पंचवीसला 'पाच आणि वीस' असेच म्हणतात, त्यामुळे माझ्या मुलाने हीच चूक दोन्ही भाषांत केली. येथील काही मुले एकक आधी उजवीकडे लिहून, डावीकडे जागा सोडून, मग दशक लिहितात. कागदावर उत्तर बरोबर येते, पण गणकयंत्राची बटणे दाबताना तीच युक्ती उलटते. नॉर्वेमध्ये १९५१ साली अधिकृत मोजणी बदलून 'वीस-पाच' असा क्रम स्वीकारण्यात आला. त्यामागे शाळेपेक्षा दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारा गोंधळ अधिक कारणीभूत होता, आणि जुनी पद्धत तेथे बोलण्यातून अजूनही गेलेली नाही.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी नावे आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यावेळी कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी येते, याकडे लक्ष वेधले होते. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. तरीही चर्चा 'भाषा बुडाली' याच सुरात झाली. मला स्वतःला बावीस आणि बावन्न हे शब्द हवेच आहेत. पण शिकण्याच्या पहिल्या वर्षी 'वीस आणि दोन, म्हणजे बावीस' असे जोडून म्हटल्याने त्यांचे काय बिघडते, हे मला तेव्हाही कळले नव्हते.

उत्तर ३ : बालमानसशास्त्राची अभ्यासक

धाकट्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि त्याच्या वयाला अगदी साजेशी आहे. कॅरन विन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवून पडदा लावला आणि बाळाच्या देखत दुसरी बाहुली पडद्यामागे नेली. पडदा हटवल्यावर एकच बाहुली दिसली, तर बाळे अधिक वेळ टक लावून पाहत. म्हणजे लहान संख्यांची काही जाण शब्दांच्या फार आधीची आहे. परंतु 'तीन' हा शब्द आणि तीन वस्तू यांचा सांधा जुळायला पुढे काही वर्षे जातात. आधी मूल 'एक'चा अर्थ शिकते, मग काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास त्याला उमगते की मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजेच एकूण संख्या. तोवर जिन्यावरची मोजणी हे गाणेच असते. ते म्हणू द्यावे. फक्त मोजून झाल्यावर 'किती झाल्या?' एवढे विचारत जावे.

मोठीच्या चाचणीबद्दल : केवळ अंकांची अदलाबदल हे सात वर्षांच्या मराठी मुलीच्या बाबतीत मला पुरेसे कारण वाटत नाही. दोन लहान संख्यांतील मोठी कोणती हे तिला सांगता येत नसेल, पाच-सहा वस्तूंची बेरीजही दरवेळी पहिल्यापासून मोजावी लागत असेल आणि सरावाने काहीच फरक पडत नसेल, तर अवश्य तज्ज्ञांना दाखवावे. आपण मण्यांचे जे लिहिले आहे, त्यावरून तसे दिसत नाही.

जाता जाता, हा प्रश्न दुसरीत संपत नाही. सातवी-आठवीतली मुले ०.२५ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी मानतात, कारण पंचवीस तीनपेक्षा मोठे असतात. पूर्ण संख्यांचा पक्का झालेला नियम ती अपूर्णांकांना लावतात. तेथे मात्र मराठीचा उपयोग होतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मूल बाजारात ऐकत असते, आणि जुन्या शाळांत तर पावकी-दिडकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनपटीपर्यंत, पाढे होते.

विचारणाऱ्या आईचे उत्तर

सर्वांचे आभार. काल काड्यांचा प्रयोग केला. तिने तीन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या लगेच मांडल्या. नंतर 'सदतीस' लिहायला सांगून या वेळी मी पाटीऐवजी तिच्या हाताकडे पाहिले. तिने आधी सात लिहिला, थोडी थांबली, काड्यांकडे पाहिले आणि तीन त्याच्या डावीकडे लिहिला. सासऱ्यांनी 'एकोणचाळीस' सांगितले, तेव्हा मात्र ४९ आले, आणि तेथून दोघे मिळून पुन्हा गठ्ठे मोजायला बसले.